एडक्याचे बीज आणि आर्जिनीन

भाताची कापणी आणि मळणी उरकली की पेण आणि रोहा तालुक्यांतली शिवारे जनावरांना मोकळी होतात. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत घाटावरची मेंढरं खाली उतरू लागतात. बोरघाटाने आलेले कळप खोपोलीवरून पेणकडे वळतात, ताम्हिणीने उतरलेले कोलाड-रोह्याच्या अंगाला जातात. पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातली ही धनगर कुटुंबे. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचे, रात्री एखाद्याच्या शेतात वाघर लावून कळप बसवायचा, लेंड्या आणि मूत त्या मातीत पडू द्यायचे आणि त्या खताबद्दल शेतकऱ्याकडून भात, तांदूळ किंवा रोख पैसे घ्यायचे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला चारा. ज्या काळात घाटावर गवताची काडी उरत नाही, तो काळ इथे भाताच्या चुडांवर, बांधावरच्या गवतावर आणि झाडाखाली पडलेल्या शेंगांवर निघून जातो. पावसाळ्यापूर्वी सगळे परत वर जातात, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. ओल्या जमिनीत खूर कुजतात, लोकर वाळत नाही, जंत वाढतात.

या प्रवासाविषयी बरेच लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक चराईविषयी, खताविषयी, धनगर समाजाच्या दैवतांविषयी आणि गाण्यांविषयी. मला इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. या प्रवासाचा हिशेब मेंढीच्या अंडाशयात नव्हे, एडक्याच्या वृषणात मांडून पाहिला तर काय दिसते?

दख्खनी मेंढीचे मुख्य वेत हिवाळ्याच्या आसपास येते. मेंढी सुमारे १५० दिवस गाभण राहते, म्हणजे कोकरे दिवाळीच्या पुढे-मागे हवी असतील तर मेंढी जून-जुलैत भरली पाहिजे. पाऊस पडतो, माळावर हिरवे उगवते, मेंढ्या अंग धरतात आणि माजावर येतात. एडक्याचे काम तेव्हाचे. पण त्या वेळी तो जे शुक्राणू देतो ते त्या वेळी तयार झालेले नसतात. मेंढ्याच्या वृषणात एका शुक्राणूची घडण पूर्ण व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यानंतर तो वृषणाला चिकटलेल्या एका लांबच लांब, गुंडाळलेल्या नळीत शिरतो. तिला अधिवृषण म्हणतात. ती पार करायला आणखी जवळपास दोन आठवडे. एकूण साठ दिवस. जूनच्या मध्यात फलटण किंवा पारनेरच्या माळावर ज्या शुक्राणूने मेंढी गाभण राहिली, त्याची सुरुवात एप्रिलच्या मध्यात झालेली असते. त्या वेळी कळप कोकणात असतो, नाहीतर परतीच्या वाटेला लागलेला असतो. चाऱ्याच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच आणि उकाड्याच्या दृष्टीनेही तोच.

वृषणाला शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान लागते. म्हणूनच ते शरीराबाहेर, पिशवीत लोंबते. मेंढी अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवते, श्वासावाटे पाण्याची वाफ करून. पेणच्या खारेपाटात एप्रिल-मे महिन्यांत हवाच इतकी दमट असते की ही वाफ नीट होत नाही. पारा घाटावरच्या मानाने खाली असतो, पण मेंढ्याला होणारा त्रास पाऱ्यावरून मोजता येत नाही. वृषणाचे तापमान काही दिवस चढे राहिले तर एडका वरकरणी धडधाकट दिसतो, माजावरच्या मेंढीमागे धावतो, वर चढतोही. नुकसान कळते ते पुढे काही आठवड्यांनी, जेव्हा मेंढ्या पुन्हा माजावर येतात.

आता शुक्राणूकडे वळू. मेंढ्याचा शुक्राणू डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढा. डोक्यात गुणसूत्रे, मानेमागच्या भागात ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया आणि मागे लांब शेपूट. शेपटीत सूक्ष्म नलिकांच्या नऊ जोड्या कडेने आणि दोन नलिका मधोमध असतात. डायनीन नावाची प्रथिने या जोड्यांना एकमेकींवरून सरकवतात, त्यामुळे शेपूट वाकते, उलट बाजूला वाकते आणि शुक्राणू पुढे जातो. प्रत्येक सरकण्याला एटीपी हे ऊर्जेचे रेणू खर्ची पडतात. वृषणातून बाहेर पडताना शुक्राणूला पोहता येत नाही. ही क्षमता त्याला अधिवृषणात मिळते आणि तरीही तिथे तो बराचसा शांत पडून असतो. वीर्याच्या इतर स्रावांशी गाठ पडली की मग हालचाल सुरू होते. त्या स्रावांत फ्रुक्टोज ही साखर असते. हा शोध केंब्रिजमध्ये थॅडिअस मान यांनी १९४६च्या सुमारास लावला. ही साखर मोडून शुक्राणू एटीपी मिळवतो. मेंढ्याचे शुक्राणू प्राणवायू वापरूनही जोमाने ऊर्जा काढतात.

एडका एका वेळी साधारण एक मिलिलिटर वीर्य देतो, पण ते सायीइतके दाट असते. एका मिलिलिटरमध्ये तीन-चार अब्ज शुक्राणू. ताज्या वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन कमी शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्वतंत्र शुक्राणू दिसत नाहीत, लाटा दिसतात. गडद पट्टे उठतात, वळतात, एकमेकांत शिरतात. पशुवैद्यक या लाटांना शून्य ते पाच गुण देतात. लाटा मंद असतील तर वीर्य बाद. आता संगणकाला जोडलेला कॅमेरा प्रत्येक शुक्राणूचा माग काढून त्याचा वेग, त्याच्या मार्गाचा सरळपणा, डोक्याचे हेलकावे मोजतो. पण लाटा पाहण्याची जुनी रीत आजही शेतावर तितकीच उपयोगी आहे.

पोहण्याला मेंढीच्या बाबतीत इतके महत्त्व का, याचे उत्तर मेंढीच्या गर्भाशयाच्या मुखात आहे. गायीच्या गर्भाशयमुखातून कृत्रिम रेतनाची नळी सहज आत सारता येते. मेंढीच्या गर्भाशयमुखात मात्र चार ते सात कठीण वळ्या असतात आणि त्यांची तोंडे एका रेषेत नसतात. नळी पहिल्या-दुसऱ्या वळीलाच अडते. नैसर्गिक संयोगात वीर्य या मुखाच्या बाहेरच पडते, कृत्रिम रेतनातही साध्या पद्धतीने ते तिथेच सोडावे लागते. पुढची वाट शुक्राणूनेच काढायची. अब्जावधींपैकी बीजवाहिनीपर्यंत पोहोचतात ते काही हजार. गोठवून वितळवलेले शुक्राणू या वाटेवर फारच कमी पडतात. म्हणून १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात दुर्बिणीच्या साहाय्याने पोटातून थेट गर्भाशयात वीर्य सोडण्याची रीत आली. ती यशस्वी आहे, पण तिला तज्ज्ञ माणूस आणि महागडे उपकरण लागते. रोह्याच्या एखाद्या वाडीबाहेर उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामावर, ती करता येणार नाही. साध्या रीतीने मेंढी गाभण राहायची असेल तर शुक्राणूच्या शेपटीतले बळ वाढवणे, निदान टिकवणे, हाच मार्ग उरतो. इथे अमिनो आम्लांचा संबंध येतो.

अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. त्यांतले आर्जिनीन १८८६मध्ये अर्न्स्ट शुल्झ यांनी झुरिकमध्ये ल्युपिन या द्विदल वनस्पतीच्या मोडांतून वेगळे केले. शुक्राणूशी त्याचे नाते लवकरच उघड झाले. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात फ्रीड्रिश मिशर यांना १८७४मध्ये ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांच्या शुक्राणूंत एक अल्कधर्मी पदार्थ सापडला होता. त्याला त्यांनी प्रोटामीन नाव दिले. पुढे अल्ब्रेख्ट कोसेल यांनी तो पदार्थ तपासला, तेव्हा सामनच्या प्रोटामीनमध्ये जवळपास दोन तृतीयांश भाग आर्जिनीनचाच निघाला. त्यामागे कारण आहे. आर्जिनीनवर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण. शुक्राणूच्या चिमुकल्या डोक्यात सगळा डीएनए घट्ट दाबून बसवायचा तर हे आकर्षण कामी येते. सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूंतही अशीच आर्जिनीनने भरलेली प्रोटामीन असतात, मेंढ्यातही. म्हणजे शुक्राणू घडत असतानाच, त्या सात आठवड्यांत, वृषणाला आर्जिनीनचा पुरवठा लागतो.

१९४४मध्ये अमेरिकेत होल्ट आणि अल्बानीज यांनी प्रौढ पुरुषांना आर्जिनीन नसलेला आहार दिला. नऊ दिवसांत त्यांच्या वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या दहाव्या हिश्श्यावर आली, असे त्यांनी नोंदवले. या प्रयोगाने पुढची अनेक दशके डॉक्टरांना भुरळ घातली. १९७३मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी शुक्राणू कमी असलेल्या १७८ पुरुषांना आर्जिनीन देऊन बहुतेकांत सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. पण तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यांच्याकडे नव्हता. १९७८मध्ये ब्रिटनमध्ये तसा गट ठेवून चाचणी झाली आणि आर्जिनीनचा काही फायदा दिसला नाही. औषधाच्या दुकानात या नावाने विकल्या जाणाऱ्या भुकट्या पाहिल्या की मला हे दोन निकाल शेजारी ठेवून सांगावेसे वाटतात. आर्जिनीनचा तुटवडा पडला तर नुकसान होते, हे एक. पुरेसे असताना आणखी दिले तर फायदा होतोच, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

मग शुक्राणूच्या हालचालीशी आर्जिनीनचा संबंध आहे की नाही? याचे एक उत्तम उत्तर पेणपासून फार दूर नसलेल्या जागी मिळाले आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी उभारलेल्या या संस्थेचे नाव निघाले की लोकांना अणू, तारे आणि गणित आठवते. तिथेच १९९०च्या दशकात अनंत पटेल, सुधा श्रीवास्तव, आर. एस. फडके आणि गिरजेश गोविल हे बोकडाच्या अधिवृषणातले शुक्राणू प्रबळ चुंबकाच्या पोटात ठेवून त्यांचे श्वास-उच्छ्वास ऐकत होते, असे म्हटले तर चालेल. त्यांचे साधन होते चुंबकीय अनुस्पंदन. रुग्णालयातले एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालते. काही अणूंची केंद्रके प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद ते अणू कोणत्या रेणूत बसले आहेत त्यानुसार थोडा बदलतो. फॉस्फरसच्या केंद्रकावरून एटीपी किती आहे ते कळते. एका विशिष्ट जातीचा कार्बन घातलेले ग्लुकोज दिले तर त्या कार्बनचा माग काढून ग्लुकोजचे लॅक्टेट किती वेगाने होते ते दिसते. हे सगळे पेशी न फोडता, तिला जिवंत ठेवून.

त्यांचा निष्कर्ष १९९८मध्ये बायोफिजिकल जर्नलमध्ये आला. आर्जिनीन घातलेल्या शुक्राणूंत ग्लुकोज मोडण्याची क्रिया, ग्लायकोलिसिस, वेगाने चालते. एटीपी जास्त तयार होते, लॅक्टेट जास्त तयार होते आणि हालचाल वाढते. हा परिणाम आहारातून, रक्तातून, वृषणातून फिरून आलेला नाही. पूर्ण घडलेल्या शुक्राणूवर बाहेरून आर्जिनीन पडल्यावर लगेच झालेला आहे. कोसेल यांना डोक्यात सापडलेले आर्जिनीन इथे शेपटीच्या कामाला येताना दिसते. दोन्ही कामे अगदी निराळी. पहिल्यात ते डीएनए बांधून ठेवण्याचा माल आहे, दुसऱ्यात ते इशारा देणारे आहे.

इशारा कसा? त्याच गटाने इव्हान्स कुटिन्हो आणि इतरांसह केलेले काम २००६मध्ये बायॉलॉजी ऑफ रिप्रॉडक्शनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उत्तर आहे: मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमधून. शुक्राणूत असलेले एक एन्झाइम आर्जिनीनचा एक तुकडा काढून सिट्रुलिन हे दुसरे अमिनो आम्ल बनवते आणि त्या क्रियेत नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू सुटतो. हा वायू काही सेकंदांत नाहीसा होतो, पण तेवढ्यात तो पेशीतल्या दुसऱ्या एन्झाइमांना जागे करतो आणि शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवण्याची साखळी सुरू होते. इतका साधा वायू शरीरात निरोप पोहोचवतो, हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९९८मध्येच. त्यांचे काम रक्तवाहिन्यांवरचे होते. मेंढ्याच्या वृषणात आणि अधिवृषणातही नायट्रिक ऑक्साइड तयार करणारी एन्झाइमे सापडली आहेत.

मात्रेचा प्रश्न इथे फार नाजूक आहे. १९९४मध्ये अमेरिकेत हेल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी गोठवून वितळवलेल्या मानवी शुक्राणूंना नायट्रिक ऑक्साइड देणारे रसायन अत्यल्प प्रमाणात दिले, तेव्हा हालचाल सुधारली. पुढच्याच वर्षी झुरिकच्या रोसेली आणि सहकाऱ्यांनी जास्त प्रमाणात दिले, तेव्हा हालचाल मंदावली. दोन्ही निकाल खरे आहेत. नायट्रिक ऑक्साइड वाढले की ते ऑक्सिजनच्या विघातक रूपांशी संयोग पावते आणि त्यातून तयार होणारा पदार्थ शुक्राणूचे पटल आणि मायटोकाँड्रिया पोखरतो. त्यामुळे आर्जिनीन किती घालावे, हे न सांगता आर्जिनीन घालावे असे सांगणे निरर्थक आहे.

बोकडाचे निष्कर्ष मेंढ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शेळी-मेंढी एका कळपात चरतात, पण शेळीची गुणसूत्रे ६० आणि मेंढीची ५४. वीर्यही वेगळे. बोकडाच्या वीर्यातल्या एका एन्झाइममुळे अंड्याचा बलक गोठतो, हे १९५७मध्ये ए. रॉय यांनी नेचर या नियतकालिकात दाखवले. त्यामुळे बलक घातलेल्या द्रवात बोकडाचे वीर्य साठवण्याआधी ते धुवावे लागते किंवा बलक बेताने वापरावा लागतो. मेंढ्याच्या वीर्याला ही अडचण नाही. त्याची अडचण थंडीची आहे. त्याच्या शुक्राणूंच्या पटलात असंतृप्त मेदाम्ले भरपूर आणि कोलेस्टेरॉल कमी. थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते तसे या पटलातले काही मेद एकदम थंड केल्यावर थिजतात, पटलाला भेगा पडतात. जे थिजत नाहीत त्या असंतृप्त मेदांवर ऑक्सिजनची विघातक रूपे तुटून पडतात. टाटा संस्थेच्या गटाला बोकडाच्या शुक्राणूंत आर्जिनीनमुळे ही झीज कमी झालेली दिसली होती. मेंढ्याचे वीर्य साठवणाऱ्यांना या निरीक्षणाचे मोल जास्त वाटायला हवे.

या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र आर्जिनीनची नाही, त्याच्या भावंडांची आहे. १९४६मध्ये जे. टोसिक आणि आर्थर वॉल्टन यांनी दाखवले की शुक्राणू ठेवलेल्या द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि तेच शुक्राणूंचा श्वास कोंडते. ते कुठून येते? टायरोसीन, फिनाइलअॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन या वलयाकृती रचनेच्या अमिनो आम्लांपासून. शुक्राणूतले एक एन्झाइम त्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यात पेरॉक्साइड सुटते. अंड्याच्या बलकात ही आम्ले असतातच. म्हणजे शुक्राणूंना जपण्यासाठी घातलेल्या बलकातच त्यांचा घात दडलेला. न्यूझीलंडमध्ये उप्रेती आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मेंढ्याच्या शुक्राणूंवर हे तपासले. हे एन्झाइम मेंढ्याच्या शुक्राणूंतही आहे. त्यावर पायरुव्हेट हा साधा पदार्थ उपयोगी पडतो, कारण तो पेरॉक्साइडशी संयोग पावून त्याला निकामी करतो. मेलेले शुक्राणू निरुपद्रवी असतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्यांच्यातले हे एन्झाइम काम करत राहते आणि शेजारच्या जिवंत शुक्राणूंना विष पुरवत राहते. वीर्यातले मृतांचे प्रमाण कमी असणे एवढ्यासाठी महत्त्वाचे. एप्रिलच्या उकाड्यात होरपळलेल्या एडक्याच्या वीर्यात मृत आणि विकृत शुक्राणू वाढतात, तेव्हा तोटा केवळ तेवढ्या संख्येपुरता राहत नाही.

अमिनो आम्लांचा तिसरा प्रकार ढाल म्हणून उपयोगी पडतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्थेत मेंढ्याचे वीर्य गोठवताना प्रोलीन आणि ग्लुटामीन घालून पाहिले गेले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वितळवल्यानंतरची हालचाल आणि पटलाची स्थिती यांवर त्यांचा अनुकूल परिणाम नोंदवला आहे. दुष्काळात अनेक वनस्पती स्वतःच्या पेशींत प्रोलीन साठवून पाण्याची टंचाई सोसतात. पाणी गोठताना शुक्राणूवर येणारे संकटही पाणी नाहीसे होण्याचेच असते. एकाच कुळातले आर्जिनीन शेपटीला चालना देते, फिनाइलअॅलॅनिन विषाला जन्म देते, प्रोलीन गारठ्यात सांभाळते. त्यामुळे ‘अमिनो आम्ले शुक्राणूंना चांगली’ असे कुणी म्हटले की कोणते, किती आणि कुठे, हे तीन प्रश्न विचारावेत.

‘कुठे’ या प्रश्नाने आपण पुन्हा कळपापाशी येतो. बाटलीत आर्जिनीन घालणे आणि एडक्याला आर्जिनीन खाऊ घालणे यांत एक मोठा अडथळा आहे, तो म्हणजे कोटीपोट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या या पहिल्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. खाल्लेल्या प्रथिनांचा आणि सुट्या अमिनो आम्लांचा मोठा भाग ते मोडून अमोनिया करतात आणि त्यापासून स्वतःची प्रथिने बांधतात. मग तेच सूक्ष्मजीव पुढच्या पोटात पचतात आणि जनावराला प्रथिने मिळतात. एडक्याला आर्जिनीनची भुकटी चारली तर बराचसा भाग सूक्ष्मजीवांच्याच वाट्याला जातो. परदेशांत ती कोटीपोटात विरघळू नये असे आवरण चढवून वापरतात. इथल्या मेंढपाळाने त्यासाठी पैसे खर्चावेत, असे मला अजिबात वाटत नाही.

त्याऐवजी त्या सूक्ष्मजीवांकडे पाहावे. चाऱ्यात किमान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने नसतील तर त्यांचे काम मंदावते आणि जनावर पोटभर खाऊनही खंगते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने तीन ते पाच टक्केच असतात. नोव्हेंबरात पेण-रोह्याच्या शेतात कापलेल्या चुडांना फुटवे आलेले असतात, बांध हिरवे असतात, तेव्हा मेंढ्या चांगल्या चरतात. एप्रिलपर्यंत यातले काही उरत नाही. रोह्याकडे अंगच्या ओलीवर घेतलेले वाल आणि चवळी निघून गेलेली असतात, कालव्याखालच्या शेतांत उन्हाळी भात उभा असल्याने तिथे मेंढरांना मज्जाव असतो. पेणकडे चराईचे माळ कारखान्यांत, गोदामांत आणि रुंदावलेल्या महामार्गात गेले आहेत. नेमक्या या दिवसांत एडक्याला मूठ-दोन मूठ शेंगदाण्याची पेंड मिळाली तर तिचा उपयोग दुहेरी आहे. पेंडीत प्रथिने चाळीस टक्क्यांच्या पुढे असतात, त्यामुळे सूक्ष्मजीवांना खाद्य मिळते. शेंगदाण्याची प्रथिने आर्जिनीनने समृद्ध असतात, आणि पेंडीतला जो थोडा भाग कोटीपोटातून न मोडता सुटतो तो आर्जिनीन घेऊनच पुढे जातो. फक्त पेंड बुरशी आलेली नसावी. कोकणच्या दमट हवेत ती लवकर लागते आणि तिच्यातले विष यकृताला घातक असते. कळपात २५-३० मेंढ्यांमागे एक एडका असतो. शेकडो मेंढ्यांना पेंड चारणे कुणालाच परवडणारे नाही, पण मोजक्या एडक्यांना चारता येते.

बाटलीतल्या आर्जिनीनचेही महाराष्ट्रात काम आहे, ते वेगळ्या ठिकाणी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतले जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. फेक-बी असे या जनुकाचे नाव. २००१मध्ये त्यातला नेमका बदल जगातल्या तीन गटांनी शोधला. त्यातून नारी सुवर्णा ही जात उभी राहिली. ज्या मेंढीला एरवी एक कोकरू व्हायचे तिला अनेकदा दोन होतात. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. एवढ्या मेंढ्यांपर्यंत असे जनुक एडके विकूनच पोहोचवायचे तर पिढ्या जातील. वीर्य पोहोचवता आले तर वेग वाढेल. आज मेंढ्याचे पातळ केलेले वीर्य १५ अंशांना ठेवून काही तासांत वापरावे लागते, ५ अंशांना फार तर दिवसभर टिकते. फलटणहून रोह्याच्या वाड्यापर्यंत ते न्यायचे तर अर्धा दिवस सहज जातो. त्या अर्ध्या दिवसात शेपटीतले बळ टिकवणारा द्रव हवा: आर्जिनीन योग्य मात्रेत, पेरॉक्साइडला आवर घालणारा पायरुव्हेटसारखा घटक आणि बलकावर कमीत कमी भिस्त. यासाठी दख्खनी एडक्यांवरच, आपल्याकडच्या हवेत, पद्धतशीर प्रयोग झाले पाहिजेत. आणि मोजमाप केवळ संगणकाच्या पडद्यावरच्या वेगाचे नको, किती मेंढ्या गाभण राहिल्या याचे हवे. हालचाल वाढली तरी गाभण राहण्याचे प्रमाण वाढतेच असे नाही. वेगाने पोहणारा शुक्राणू आपली ऊर्जा लवकर संपवूही शकतो.

तोवर करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कळप अजून पेण आणि रोहा तालुक्यांत असतात. पशुवैद्यकांनी वाड्यांवर जाऊन एडक्यांची वृषणे हाताने तपासावीत, घेर मोजावा, गाठी किंवा सूज आहे का पाहावे. जिथे शक्य असेल तिथे वीर्याचा थेंब ३७ अंशांच्या काचपट्टीवर घेऊन लाटांना गुण द्यावेत. ज्यांची वृषणे मऊ पडली आहेत किंवा लाटा मंद आहेत त्यांना सावली, पाणी आणि पेंड मिळावी, त्यांची लोकर उतरवावी आणि घाट चढल्यावर जूनच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी व्हावी. यात अडचण प्रशासनाची आहे. कळपाची नोंद घाटावरच्या तालुक्यात असते आणि अर्धे वर्ष मेंढरं कोकणात असतात, त्यामुळे लसीकरण असो की तपासणी, कोणाच्या वाट्याला हे काम येते हे ठरलेले नसते. दोन्हीकडच्या दवाखान्यांनी एडक्याच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या क्रमांकाने एकच नोंद ठेवली, तर एप्रिलमध्ये रोह्यात दिलेले गुण जूनमध्ये फलटणला वाचता येतील, आणि हिवाळ्यात जन्मलेल्या कोकरांची संख्या त्यांच्याशी ताडून पाहता येईल.